शून्य पूर्णांक दोन

रात्री सव्वादोनला कुपी हातात घेतली
तेव्हा झाकण निळंच होतं, नेहमीसारखं.
लहान लेकरांची जेंटामायसिन संपली म्हणून
चंद्रपूरच्या भांडारानं मोठ्यांची पाठवलेली.
दोन मिलिमध्ये ऐंशी मिलिग्रॅम,
आधीच्या कुपीत वीस असायचे.
लेबलावरची अक्षरं खसखशीएवढी.

बाळ सोळाशे ग्रॅमचं.
आई शालू आत्राम, जंगलाकडच्या टोल्यावरची.
वजन सांगितलं तर म्हणाली,
"एवढा तं आमच्या घरी एका टायमाचा तांदूळ शिजते जी."

सलोनीनं सिरिंजमध्ये शून्य पूर्णांक आठ ओढलं.
सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली पोर.
भिंतीवरच्या तक्त्यात तेच लिहिलं आहे,
आणि तक्ता जुन्या कुपीचा आहे.
मी म्हटलं, थांब.
आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला.

डॉक्टर निनावे बॉण्डवर आलेले, पंचवीसचे.
नवजात विभागात पंधरा दिवस काढलेले,
त्यातले चार सुट्टीचे, स्वतःच सांगतात.
पाण्याच्या टाकीजवळ रेंज मिळते तिथे जाऊन
नागपूरच्या मित्राला फोन लावून आले.
"उचलत नाही. सिस्टर, तुम्हीच सांगा."
प्रसूतीच्या बिलाच्या पाठीवर आम्ही तिघांनी हिशेब केला.
शून्य पूर्णांक दोन.
त्यांनी सही केली, मग खाली पुन्हा एकदा केली.

प्रशिक्षण झालं होतं तसं.
नागपूरला, दोन दिवस, फाइल, पेन, जेवणात गुलाबजाम.
गेल्या होत्या बावणे मॅडम.
सहा महिन्यांत त्यांची बदली झाली, डोळ्यांच्या विभागात.
प्रमाणपत्र इथल्या कपाटातच राहिलं.
वाळवीनं त्यातला
'यशस्वीरीत्या' एवढाच शब्द खाल्ला.

एक गोष्ट मी सलोनीला सांगितलेली नाही.

सिंदेवाहीच्या बाजारात एक मुलगा बसतो,
अकरा-बारा वर्षांचा, आईसोबत वांगी विकत.
मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला
तर आई त्याचा दंड धरून ओढते.
तो आमच्याच दवाखान्यातला,
आणि त्या आठवड्यात रात्रपाळी माझी.
जुनी नोंदवही मी काढून पाहिली आहे.
डोस लिहिला आहे, वेळ लिहिली आहे,
कुपी कोणती ते लिहिलेलं नाही.
कावीळही होती त्याला, तेव्हाचे डॉक्टर म्हणाले,
कशानंही होतं असं.
कशानंही होतं.
वांगी मी त्याच्याकडूनच घेते.
भाव करत नाही.

आता गुरुवारी, ओपीडी उरकली की तीनला,
आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत बसतो.
सलोनी, निनावे, उपकेंद्राच्या दोघी,
आणि रुग्णवाहिकेचा चालक सोनटक्के, उगाच.
रिकाम्या कुप्यांत हळदीचं पाणी.
बाळ म्हणून सोळाशे ग्रॅम तांदळाची पिशवी,
तिला कुणीतरी टोपडं घातलंय.
एकानं लेबल मोठ्यानं वाचायचं,
दुसऱ्यानं न बघता परत म्हणायचं नाही, बघूनच म्हणायचं.
टिंबाच्या आधी शून्य लिहायचं,
नाहीतर टिंब म्हणजे माशी बसून गेली असं वाटतं.

वॉर्डातही तसंच करतो.
शालू दारातून ऐकत उभी होती परवा.
"कायचा मंतर हाय जी?"
मंतर नाही ओ बाई, हिशेब.
ती हसली नाही. मान हलवली,
जणू हिशेबच बरा.

या गुरुवारी पिशवी हलकी लागली.
कुणीतरी दोन मुठी नेले होते;
सोनटक्के छताकडे बघत होता.
काट्यावर ठेवली तर चौदाशे.
मी काही बोलायच्या आत
सलोनीनं खडू घेतला.
शून्य पूर्णांक एक सात पाच.
मग सिरिंज उजेडाकडे धरली, फिरवली,
"मॅडम, एवढी रेघच नाही हिच्यावर."

खोलीत कुणी बोललं नाही.
मी हळदीचं पाणी
आणखी पातळ करायला घेतलं.